आखूड नळीच्या शिकारी रायफलीसाठी काडतूस कोणते घ्यावे? (न्यूझीलंड, सिका व लाल हरीण)

वायकाटोवासी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी पत्नी हॅमिल्टनला राहतो. आम्हा दोघांकडेही बंदुकीचा परवाना आहे आणि आजवर आम्ही एका मित्राच्या .३०८ रायफलीवर, त्याच्याच सोबतीने, शिकार शिकत आलो. आता स्वतःची एक बोल्ट-ॲक्शन रायफल (प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढून पुढचे काडतूस चढवावे लागते ती) घ्यायची आहे. आमचे जाणे प्रामुख्याने काइमानावाच्या रानात, सिका हरणासाठी असते आणि क्वचित लाल हरणासाठी. तिथले बीच वृक्षांचे जंगल आणि कडेची मानुकाची झुडपे इतकी दाट आहेत की २२ किंवा २४ इंची नळीला पुढे सायलेन्सर लावला, की रायफल प्रत्येक फांदीत अडकते. म्हणून १६ इंची नळी आणि तिच्यावर सायलेन्सर असे ठरवले आहे.

अडले आहे ते काडतुसापाशी. दुकानात मला .३०८ विंचेस्टर, ७ मिमी-०८ रेमिंग्टन, ६.५ क्रीडमूर आणि .३०० ब्लॅकआउट असे चार पर्याय सुचवले गेले, आणि प्रत्येकाच्या बाजूने बोलणारी माणसेही तेवढीच भेटली. एक जण म्हणतो की ब्लॅकआउट आखूड नळीसाठीच जन्माला आले आहे, तर दुसरा म्हणतो की ते हरणासाठी अपुरे आहे. आमचे बहुतेक नेम १०० मीटरच्या आतले असतील, परंतु दरड कोसळून मोकळ्या झालेल्या उतारांवर किंवा नदीच्या पलीकडच्या काठावर २०० मीटरपर्यंत नेम धरण्याची वेळ येऊ शकते. मी काडतुसे घरी भरत नाही, दुकानातलीच वापरणार. मांस घरी खाण्यासाठी असते, त्यामुळे ते कमीत कमी वाया जावे असे वाटते. रायफल पत्नीही चालवणार आहे आणि तिला .३०८ चा धक्का नकोसा होतो.

नळी आखूड केल्याने नेमके काय गमावले जाते, आणि ते ध्यानात घेऊन कोणते काडतूस निवडावे, हे कोणी समजावून सांगितले तर फार मदत होईल.

---

टाउपोकर यांचे उत्तर

काइमानावा माझ्या घरापासून जवळ असल्याने तुम्ही वर्णन केलेले रान चांगले ओळखीचे आहे. १९०५ साली तिथे सोडलेल्या मूठभर सिका हरणांपासून आजचा कळप वाढला, आणि हे जनावर लाल हरणापेक्षा अंगाने लहान असले तरी जखमी झाल्यावर विलक्षण चिवटपणे दाटीत शिरते. त्यामुळे काडतुसाची निवड करताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: माझ्या सर्वांत लांबच्या नेमाच्या अंतरावर गोळी जनावराला लागेल, तेव्हा तिचा वेग ती नीट उमलण्याइतका असेल का? नळीची लांबी, काडतुसाचे नाव, त्याची ख्याती या सगळ्या गोष्टी या प्रश्नाच्या मागून येतात.

शिकारीची गोळी जनावराच्या शरीरात शिरल्यावर पुढून उमलते आणि रुंद होते, म्हणूनच फुप्फुसांना लागलेली गोळी जनावराला काही सेकंदांत पाडते. वेग कमी पडला तर तीच गोळी न उमलता सुईसारखी आरपार जाते, जखम अरुंद राहते, आणि हरीण अर्धा किलोमीटर पळून एखाद्या घळीत मरते, जिथे ते आपल्याला सापडतही नाही. शिशाचा गाभा असलेल्या बहुतेक साध्या शिकारी गोळ्यांना उमलण्यासाठी साधारण ५५० मीटर प्रति सेकंद वेग लागतो, तर पूर्ण तांब्याच्या गोळ्यांना बहुधा ६०० च्या आसपास. नेमका आकडा गोळीगणिक वेगळा असतो आणि तो निर्माता देतो. तो शोधून वहीत लिहून ठेवावा.

आता नळीविषयी. .३०८ मध्ये १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची गोळी २४ इंची नळीतून सुमारे ८६० मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडते. नळीचा प्रत्येक इंच कमी केला की साधारण ६ ते ८ मीटर प्रति सेकंद वेग घटतो. म्हणजे १६ इंचांवर तो ७९५ ते ८१० च्या दरम्यान राहतो. ऐकायला हा मोठा तोटा वाटतो, परंतु रानात त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. दोन्ही रायफली १५० मीटरवर साधल्या, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमावरच लागेल अशी दुर्बीण जुळवली, तर २०० मीटरवर लांब नळीची गोळी नेमाच्या सुमारे साडेसात सेंटिमीटर खाली लागेल आणि आखूड नळीची सुमारे नऊ सेंटिमीटर. हरणाच्या छातीच्या आकारापुढे हा दीड सेंटिमीटरचा फरक नगण्य आहे. २०० मीटरवर आखूड नळीच्या गोळीचा वेग अजून ६५० च्या आसपास असतो, म्हणजे उमलण्याच्या मर्यादेच्या बराच वर. तुमच्या गरजेला .३०८ आखूड नळीतूनही पुरून उरते.

७ मिमी-०८ हे .३०८ च्याच पितळी केसची, म्हणजे दारू भरलेल्या कवचाची, मान बारीक करून बनवलेले काडतूस आहे. १२० किंवा १४० ग्रेनच्या गोळीत त्याचा धक्का .३०८ पेक्षा जाणवण्याइतका सौम्य असतो, आणि या देशात ते इतके रुळलेले आहे की लहान गावातल्या दुकानातही मिळण्याची शक्यता चांगली असते. पत्नीही चालवणार असतील तर माझा कौल याच्याकडे आहे. धक्क्याच्या भीतीने डोळे मिटून चाप ओढला गेला, की कागदावरच्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही. शिवाय सायलेन्सरनेही धक्का बराच कमी होतो, हे तुमच्या पत्नीला मैदानावर लगेच जाणवेल.

६.५ क्रीडमूर वाईट नाही. परंतु त्याची खरी ताकद लांब, सडपातळ गोळी दूरवर नेण्यात आहे, आणि दाट रानात ती वापरायची संधीच येत नाही. ब्लॅकआउटविषयी माझे मत तुमच्यासाठी प्रतिकूल आहे, कारण तुम्ही २०० मीटर म्हणालात. १२५ ग्रेनची गोळी १६ इंची नळीतून ६७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते आणि १५० मीटरवर ती ५५० च्या उंबरठ्यावर येते. त्यापुढे ती जबाबदार शिकारीचे साधन राहत नाही.

एक सूचना, जी काडतुसाइतकीच महत्त्वाची आहे. आखूड, हलकी रायफल खांद्याला फार चटकन लागते. दाट रानात हालचाल दिसली की हात आपसूक वर जातो, आणि या देशात शिकाऱ्याला हरीण समजून गोळी घातली गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. शिंग, कान किंवा रंगाचा तुकडा पुरेसा नाही. पूर्ण जनावर निःसंशय ओळखल्याशिवाय नळी तिकडे वळवू नये. आणि ओळखण्याचे काम दुर्बिणीने करावे, रायफलीवरच्या दुर्बिणीने कधीही नव्हे.

---

खडकीचा निवृत्त यांचे उत्तर

मी न्यूझीलंड पाहिलेले नाही आणि शिकारही करत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपलाच. परंतु लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याच्या कामात माझी नोकरी गेली, आणि 'नळी आखूड केल्याने काय गमावले जाते' हा तुमचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चाप ओढल्यावर केसमधली दारू जळून तिचा वायू होतो आणि तो पसरताना गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत त्या वायूला पसरायला जेवढी जागा मिळेल तेवढी त्याची ऊर्जा गोळीत उतरते. उरलेली ऊर्जा आवाज, ज्वाळा आणि झोत या रूपाने हवेत जाते. म्हणून पाहायचे ते असे, की केसच्या पोकळीच्या तुलनेत केस आणि नळी मिळून एकूण पोकळी किती पट होते. या प्रमाणाला प्रसरणाचे गुणोत्तर म्हणता येईल. नळीचा व्यास मोठा आणि केस लहान असेल तर हे गुणोत्तर वाढते, आणि असे काडतूस आखूड नळी सहन करते.

तुमच्या पर्यायांसाठी मी १६ इंची नळी धरून ढोबळ आकडेमोड केली. .३०० ब्लॅकआउटचे गुणोत्तर बाराच्या आसपास येते, .३०८ चे पावणेसहा, ७ मिमी-०८ चे पाच, ६.५ क्रीडमूरचे पाचाच्या किंचित खाली. ज्यांचा तुम्ही उल्लेख केलेला नाही त्या .२४३ विंचेस्टर आणि .२७० विंचेस्टर यांचे जेमतेम चार. ब्लॅकआउट आणि .३०८ यांच्या नळीचा व्यास एकच आहे, परंतु पहिल्याच्या केसमध्ये दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी जागा असते. म्हणूनच पहिल्याची दारू नळीत फार लवकर आपले काम आटोपते. 'ब्लॅकआउट आखूड नळीसाठी जन्माला आले' हे तुम्हाला भेटलेल्या एकाचे म्हणणे या अर्थाने खरे आहे. परंतु कार्यक्षमता म्हणजे एकूण ताकद नव्हे. छोट्या केसमधली थोडी दारू अगदी पुरेपूर वापरली गेली, तरी ब्लॅकआउटच्या गोळीत नळीच्या तोंडाशी सुमारे १,८०० जूल ऊर्जा असते, आणि त्याच १६ इंची नळीतून .३०८ ची गोळी सुमारे ३,००० जूल घेऊन निघते, जरी तिच्या दारूचा मोठा भाग हवेत गेलेला असला तरी.

.२७० विषयी मुद्दाम लिहिले, कारण ते १९२५ पासूनचे नावाजलेले काडतूस आहे आणि कोणीतरी तुम्हाला जुनी .२७० घेऊन तिची नळी कापून घ्यायला सांगेल. ते टाळावे. मोठी केस, बारीक नळी आणि सावकाश जळणारी दारू या तिन्हींमुळे त्याचा वेग तर घटतोच, शिवाय नळीच्या तोंडाशी वायूचा दाब फार जास्त उरतो. तो दाब सायलेन्सरच्या आतल्या पहिल्या पडद्यावर आदळतो. म्हणूनच सायलेन्सरचे निर्माते प्रत्येक काडतुसासाठी नळीची किमान लांबी ठरवून देतात. ती तुमच्या १६ इंचांना परवानगी देते का, हे खरेदीपूर्वी लेखी तपासून घ्यावे.

आणखी दोन गैरसमज. आखूड नळीला लवकर जळणारी दारूच हवी असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात लांब नळीत ज्या दारूने सर्वाधिक वेग मिळतो, आखूड नळीतही बहुधा तीच पुढे असते, फक्त ज्वाळा मोठी दिसते. दुसरा गैरसमज असा की आखूड नळीचा नेम कच्चा असतो. उलट त्याच जाडीची आखूड नळी अधिक ताठ असते आणि कमी थरथरते. नेम बिघडतो तो नळी कापल्यानंतर तिचे तोंड नीट, काटकोनात आणि गुळगुळीत न केल्यामुळे. ते काम कुशल कारागिराकडूनच करून घ्यावे.

पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेल्या वेगाची तुलना करताना एक काळजी घ्या. .३०८, ७ मिमी-०८ आणि क्रीडमूर यांचे छापील आकडे सहसा २४ इंची चाचणी-नळीतले असतात, तर ब्लॅकआउटचे १६ इंचीतले. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन खोक्यांची तुलना त्यामुळे सरळ होत नाही.

केवळ अंतर्गत प्रक्षेपशास्त्राच्या, म्हणजे गोळी नळीत असताना काय घडते याच्या, दृष्टीने माझे मत .३०८ कडे झुकते. परंतु टाउपोकरांचा धक्क्याविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. पाच आणि पावणेसहा यांतला फरक एवढा नाही की त्यासाठी घरातल्या एका व्यक्तीने रायफलीला घाबरावे.

---

ह्यूस्टनकर यांचे उत्तर

ब्लॅकआउटच्या बाजूने कोणीतरी नीट बोलायला हवे, म्हणून लिहितो. टेक्सासमध्ये मी शेतांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांची शिकार शेतमालकांच्या परवानगीने करतो आणि माझ्याकडे ब्लॅकआउटचीच आखूड रायफल आहे. खाद्य टाकलेल्या जागेपासून ५० ते ८० मीटरवर बसून, रात्री, कुंपणाने बांधलेल्या आखीव अंतरात केलेल्या नेमासाठी त्याच्याइतके समाधान मला दुसऱ्या कोणत्याही काडतुसाने दिलेले नाही. धक्का जवळजवळ नाही, सायलेन्सर लावल्यावर आवाज सुसह्य, आणि कमी वेगावर उमलण्यासाठी खास घडवलेल्या ११० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीने डुकरे जागीच पडतात.

परंतु तुमचा प्रश्न वाचून मीही तुम्हाला ब्लॅकआउट घ्या असे म्हणणार नाही, आणि त्याचे कारण अंतराचे बंधन हेच आहे. मी बसतो तिथे सर्वांत लांबचे अंतर मला आधीपासून ठाऊक असते. तुम्ही चालत शिकार करता. समोरच्या काठावर हरीण उभे राहील, ते १२० मीटरवर आहे की १९०, हे तुम्हाला क्षणात ठरवावे लागेल, आणि ब्लॅकआउटमध्ये या दोन अंतरांतला फरक क्षमा करत नाही. १०० मीटरवर साधलेली रायफल १५० मीटरवर आठ-नऊ सेंटिमीटर खाली मारते आणि २०० वर पंचवीसहून अधिक. मोकळ्या जागेत अंतर चुकणे हे रोजचे आहे.

ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या काडतुसांचा मोहही अनेकांना पडतो, कारण चित्रफितींत ती जवळजवळ निःशब्द वाटतात. २२० ग्रेनची गोळी तिथे सुमारे ३१० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते आणि तिच्यात साधारण ७०० जूल ऊर्जा असते. त्या वेगावर साधी गोळी उमलत नाही. लाल हरणावर ती वापरण्याचा विचारही करू नका. शिवाय इतकी लांब गोळी स्थिर राहण्यासाठी नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचे वळण, घट्ट, आठ इंचांत एक फेरा किंवा त्याहून कमी लांबीत एक फेरा, असा लागतो. .३०८ च्या नेहमीच्या दहा किंवा बारा इंची पिळात ती डगमगू शकते आणि सायलेन्सरच्या पडद्यावर आदळू शकते.

सुरक्षेची एक गोष्ट सर्वांसाठी, केवळ तुमच्यासाठी नव्हे. .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ (बारीक गोळीचे दुसरे एक काडतूस) यांच्या केस एकाच कुळातल्या आहेत, आणि काही गोळ्यांसह ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या रायफलीत बसते. चाप ओढला तर रायफल फुटते आणि माणूस जायबंदी होतो. ज्या घरात दोन्ही असतील तिथे काडतुसे वेगळ्या पेट्यांत, वेगळ्या कपाटांत असावीत. मी तर एका फेरीला दोन्ही रायफली बरोबर नेतच नाही.

---

मेलबर्नची वैदेही यांचे उत्तर

टाउपोकर आणि ह्यूस्टनकर यांनी जे लिहिले त्यात भर घालण्याजोगा एक मुद्दा कायद्याचा आहे, कारण काडतूस निवडताना तो शेवटी आठवतो आणि तेव्हा पैसे खर्च झालेले असतात.

आम्ही ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगरांत सांबराच्या मागे जातो. हे तेच सांबर, जे ताडोबात पाणवठ्यावर उभे असलेले आपण पाहतो. इथे ते एकोणिसाव्या शतकात आणून सोडले गेले आणि आता उपद्रव म्हणावा इतके पसरले आहे. सांबर, रुसा आणि लाल हरीण यांच्यासाठी इथे किमान .२७० इंच व्यासाची आणि किमान १३० ग्रेनची गोळी कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे ६.५ क्रीडमूर, ज्याचा व्यास .२६४ इंच आहे, या तीन जनावरांसाठी इथे चालतच नाही, आणि ब्लॅकआउटची ११० किंवा १२५ ग्रेनची गोळीही नाही. ७ मिमी-०८ ची १४० ग्रेनची गोळी आणि .३०८ ची १५० ग्रेनची गोळी मात्र बिनदिक्कत चालते. तुम्हाला कधी इकडे येऊन शिकार करायची असेल तर ही गोष्ट लक्षात असू द्या. सायलेन्सर मात्र सोबत आणू नका, इथल्या सामान्य शिकाऱ्याला त्याची परवानगी नसते.

तुमच्याकडे काडतुसाचे असे बंधन नसले तरी लांबीचे आहे. न्यूझीलंडमध्ये एकूण ७६२ मिलिमीटरपेक्षा आखूड बंदूक कायद्याच्या दृष्टीने पिस्तूल ठरते, आणि शिकारीचा साधा परवाना तिला लागू होत नाही. साधा दस्ता असलेली, १६ इंची नळीची बोल्ट-ॲक्शन रायफल साधारण ९०० मिलिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे तिथे अडचण नाही. परंतु घडी होणारा दस्ता किंवा त्याहून आखूड नळी यांचा विचार असेल, तर खरेदीपूर्वी ते तारी पूरेके या बंदूक-सुरक्षा प्राधिकरणाकडे लेखी विचारणा करावी.

धक्क्याविषयी माझा अनुभव वायकाटोवासींच्या पत्नीला उपयोगी पडेल. बाईमाणसाला हलकी रायफल द्यावी असे दुकानात हमखास सुचवले जाते. रायफल जितकी हलकी तितका धक्का अधिक, हा साधा नियम तिथे विसरला जातो. ७ मिमी-०८ मध्ये, सायलेन्सर आणि दुर्बीण धरून चार किलोच्या थोडी खालची रायफल मला दिवसभर वागवायलाही जड वाटत नाही आणि चालवायलाही त्रास देत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दस्त्याची लांबी. पुरुषाच्या हाताच्या मापाचा दस्ता माझ्यासारखीच्या खांद्यावर नीट टेकत नाही, डोळा दुर्बिणीच्या फार मागे राहतो, आणि मग मध्यम धक्काही लागतो. ज्या दस्त्याच्या मागच्या टोकाला चकत्या लावून किंवा काढून लांबी बदलता येते, तो घेतल्यास दोघांची सोय होईल.

---

वायकाटोवासी

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीने सगळी उत्तरे माझ्याआधी वाचली, आणि ७ मिमी-०८ वर आमचे एकमत झाले आहे. चकत्यांच्या दस्त्याची कल्पना आम्हाला कोणत्याही दुकानदाराने दिलेली नव्हती.

दोन शंका उरल्या आहेत. मांस घरी खाण्यासाठी असल्याने आम्हाला शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरायची इच्छा आहे, विशेषतः घरात लहान मूल असल्यामुळे. आखूड नळीत ती नीट काम करेल का? आणि सायलेन्सर लावल्यावरही कानाचे संरक्षण लागेल का?

---

टाउपोकर

तांब्याची गोळी अवश्य वापरा. शिशाची गोळी शरीरात फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेच्या आजूबाजूला बऱ्याच अंतरापर्यंत पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. लहान मूल असलेल्या घरात हे कारण पुरेसे आहे. आखूड नळीत तिच्याबाबत एक पथ्य पाळावे: वजनाने हलकी गोळी निवडावी. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि केसमधली दारूची जागा खाते. शिवाय ती उमलायला वेग अधिक लागतो, म्हणून वेग राखणे महत्त्वाचे. ७ मिमी-०८ मध्ये १२० ग्रेनची तांब्याची गोळी १६ इंची नळीतूनही पुरेशा वेगाने निघते, आणि ती फुटून तुकडे होत नसल्याने १४० ग्रेनच्या साध्या गोळीइतकी खोल जाते. तुमच्या २०० मीटरच्या मर्यादेत ती उमलेल. वैदेहींनी सांगितलेला १३० ग्रेनचा नियम मात्र व्हिक्टोरियात जाताना आठवा. तिथे तुम्हाला १४० ची घ्यावी लागेल.

कानांविषयी उत्तर स्पष्ट आहे: संरक्षण लागेलच. आखूड नळीच्या .३०८ कुळातल्या काडतुसाचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, चांगला सायलेन्सर तो वीस ते तीस डेसिबलने उतरवतो, आणि उरतो तो १४० च्या आसपास, जिथे एका बारानेही कायमचे नुकसान होऊ शकते असे मानले जाते. शिवाय गोळीने ध्वनीचा वेग ओलांडल्याचा कडाका सायलेन्सरने थांबत नाही. बाहेरचा बारीक आवाज वाढवून देणारी आणि बार होताच बंद होणारी विजेरीवरची कर्णकवचे मिळतात. दाट रानात चालताना हरणाची चाहूलही त्यांतून छान लागते. दोघांसाठी दोन घ्या, कारण शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कानांना बार करणाऱ्याइतकाच त्रास होतो.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या मित्राच्या रायफलीमुळे सुचली. त्याची .३०८ आहे आणि तुमची ७ मिमी-०८ असणार. दोन्ही केस दिसायला जवळजवळ सारख्या असतात आणि ७ मिमी-०८ चे काडतूस .३०८ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसते त्या पोकळीत) बसून उडूही शकते, जे धोक्याचे आहे. एकत्र जाताना प्रत्येकाने आपली काडतुसे आपल्याच खिशात ठेवावीत, गाडीत किंवा झोपडीत एका डब्यात ओतू नयेत, आणि भरण्यापूर्वी केसच्या बुडावरचा शिक्का वाचावा.

रायफल आल्यावर एकाच बनावटीची भरपूर काडतुसे घेण्याआधी दोन-तीन बनावटींची एकेक पेटी घ्या आणि मैदानावर वेगमापक यंत्र मागून घ्या; आमच्या क्लबात ते सभासदांना वापरायला मिळते. दोन सारख्या नळ्यांतही वेगाचा फरक पडतो, म्हणून तुमच्या नळीचा वेग तुम्हीच मोजावा. जी बनावट सर्वांत जवळ-जवळ मारेल ती निवडून सायलेन्सर लावलेल्या अवस्थेतच १५० मीटरवर रायफल साधा, कारण सायलेन्सर काढला किंवा लावला की गोळी लागण्याची जागा सरकते. मग पत्नीने आणि तुम्ही, दोघांनीही, टेबलावरून नव्हे तर गुडघ्यावर बसून आणि झाडाला टेकून १०० व २०० मीटरवर सराव करा. तिथे ज्याचा जेवढ्या अंतरापर्यंत प्रत्येक बार ताटलीएवढ्या वर्तुळात पडेल, तेवढीच त्याची रानातली मर्यादा धरावी. ती दोघांची वेगळी असू शकते.

---

खडकीचा निवृत्त

टाउपोकरांच्या वेगमापनाच्या सूचनेला एक पुरवणी. मोजमाप थंडीत करा, किंवा निदान दोन ऋतूंत करा. दारू थंड असताना तिचा दाब आणि वेग थोडा उतरतो, आणि तुमची शिकार डोंगरात, पहाटेच्या गारठ्यात होणार असेल तर उन्हाळ्यातल्या मैदानावर मिळालेला आकडा तिथे थोडा अधिक आशावादी ठरेल. शिशाच्या गोळीत हा फरक पोटात घालता येतो. तांब्याच्या गोळीत उमलण्याची मर्यादा वर असल्याने अंतराचे गणित मांडताना थंडीतलाच आकडा धरावा. मोजलेला वेग आणि गोळीच्या खोक्यावरचा आकारगुणांक (गोळी हवेत वेग किती टिकवते ते सांगणारा आकडा) इथे लिहिलात, तर २०० मीटरवरचा वेग मी काढून देईन.

---

वायकाटोवासी

नक्की लिहीन, काका. रायफलीची मागणी नोंदवली आहे: ७ मिमी-०८, १६ इंची नळी, लांबी बदलता येणारा दस्ता. सायलेन्सरच्या निर्मात्याला या काडतुसासाठीची नळीची किमान लांबी विचारणारे पत्र आज पाठवले; त्याचे उत्तर आल्यावरच सायलेन्सर घेऊ.